भावजींचा शिकारखाना

आमच्या भावजींनी उभ्या आयुष्यात बंदुकीला हात लावला नाही, अंथरुणातला ढेकूणदेखील ते कागदावर घेऊन अंगणाबाहेर सोडून येत, आणि तरीही त्यांच्याइतकी शिकार साऱ्या मावळात कोणाच्या घरी टांगलेली नव्हती. आमच्या मागच्या दोन खोल्यांत नऊ शिकारी कुत्रे, चार रानकोंबडे, तित्तरांचे दोन थवे, पाणथळीतली बदकं आणि शेपटी नेमकी कुठे संपते ते न कळणारा एक विलायती कोंबडा, एवढा ऐवज होता. सगळा तैलरंगातला, जाड सोनेरी चौकटींतला आणि साहेबलोकांच्या आजोबांच्या वेळचा. ज्या घरात चातुर्मासात वांगंसुद्धा शिजत नव्हतं त्या घरात हे. मी या घरात सून म्हणून आले, तीन मुलं वाढवली, लढाईच्या दिवसांत रेशनच्या गव्हावर संसार ओढला, पण आमच्याकडे येऊन गेलेला माणूस पुन्हा भेटला की विचारायचा ते एकच, "काय म्हणताहेत कुत्रे?"

भावजी म्हणजे यजमानांचे धाकटे चुलतभाऊ. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये ते पेंटर होते. इंजिनांवरचे आकडे आणि मालगाडीच्या वाघिणींवरची अक्षरं काढायची, हे त्यांचं काम. पट्टी न लावता वीतभर उंचीचं अक्षर ते असं काढत की दोरी लावून पाहिली तरी तसूभर फरक सापडू नये. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणत, जशी काही छत्री गाडीत राहून गेली. हातात कुंचला आणि समोर रिकामी जागा दिसली की मात्र त्यांना राहवत नसे. माझ्या फडताळातले सगळे डबे त्यांनी एका रविवारी वाघिणींसारखे रंगवून टाकले. तांदळाच्या डब्यावर 'तांदूळ. भिजू देऊ नये.' साखरेच्या डब्यावर 'साखर. रिकामा होताच परत लोणावळा.' आणि हळदीच्या डबीवर 'उतारू बसवू नयेत.' मी म्हटलं, "भावजी, हळदीत कोण बसणार आहे?" तर शांतपणे म्हणाले, "नियम तो नियम, वहिनी. मुंग्यांनी वाचला तर वाचला."

कुत्र्यांच्या नादाला ते लागले ते एका शिडीमुळे. खंडाळ्याच्या बाजूला एक साहेब बंगला मोडून विलायतेला निघाला होता, त्याच्या सामानाचा लिलाव होता, आणि भावजी गेले होते शिडी घ्यायला. लिलाववाल्याने एक काळंठिक्कर पडलेलं चित्र तीनदा पुकारलं, कोणी घेईना, तेव्हा त्याने ते शिडीबरोबर यांच्या गळ्यात मारलं. शिडी खांद्यावर आणि चित्र काखेत घेऊन हे पायी घरी आले. शिडी अंगणात पडून राहिली. पुढे तिच्यावर मी दुधीचा वेल चढवला. चित्र मात्र त्यांनी चार दिवस बसून साफ केलं. आत एक तांबूस कुत्रा निघाला. त्याच्या तोंडात तित्तर होता आणि चेहरा असा, की हे आता कोणाकडे जमा करायचं? भावजी तासभर त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि मग त्यांनी मला हाक मारली. "वहिनी, लवकर या. ह्याचं नाक बघा. ओलं आहे हो!" मी कणकेच्या हातांनी गेले, पाहिलं आणि म्हटलं, "व्हार्निश आहे ते, भावजी." "तुम्ही नीट बघतच नाही," ते म्हणाले. हा वाद पुढे वीसएक वर्षं चालला आणि दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही.

तेव्हापासून चित्र पारखायची त्यांची कसोटी एकच. चित्रकार कोण, चौकट कसली, कापड फाटलंय का, यातलं काहीही ते बघत नसत. लिलावात पुढे जायचं, वाकायचं, आणि बोटाची मागची बाजू कुत्र्याच्या नाकाशी न्यायची, जसं आपण तापलेल्या पोराच्या कपाळाशी नेतो. एका लिलावात मोठा थोरला शिकारी कुत्रा निघाला, लोक वाहवा करत होते, आणि हे भर सभेत म्हणाले, "नको. नाक कोरडं आहे. कुत्रा आजारी आहे." लिलाववाला इतका गोंधळला की त्याने ते चित्र बाजूला काढून ठेवलं. आणखी एक नियम होता. कुत्र्याच्या तोंडातलं पाखरू चालायचं, पण खिळ्याला टांगलेलं पाखरू असेल तर ते चित्र फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही. सासूबाईंना हा फरक कळत नसे. "मेलेली पाखरं घरात लावायची आणि देवाला नैवेद्य दाखवायचा?" असं त्या म्हणाल्या की भावजी समजावत, "काकू, मेलेलं नाही ते. कुत्रा त्याला उचलून घरी पोचवतोय." सासूबाई म्हणत, "पोचवतोय खरा!"

सासूबाईंचं खरं दुःख वेगळंच होतं. जुन्या चित्रावरचा मळ काढायला भावजी आधी बटाट्याची फोड वापरत, त्यामुळे माझ्या टोपलीतले बटाटे आठवड्याला शेरभर कमी होत. आणि जिथे बटाट्याने भागत नसे तिथे ते कापसाचा बोळा जिभेला लावून हळूहळू फिरवत. "थुंकीसारखी सौम्य वस्तू जगात नाही," हे त्यांनी सासूबाईंना अभिमानाने सांगितलं तेव्हा मी ताक घुसळत होते. माझी रवीच थांबली. सासूबाई म्हणाल्या, "उष्ट्याने साहेबाची कुत्री पुसतोस आणि त्याच हाताने माझ्या पंगतीला बसतोस?" शेवटी मीच तोडगा काढला. बटाट्याच्या दिवशी नुसते हातपाय धुवायचे, थुंकीच्या दिवशी अंघोळ. भावजींनी तो तोडगा खडूने दारामागे लिहून ठेवला आणि शेवटपर्यंत पाळला. लोणावळ्याच्या आषाढ-श्रावणात थुंकीच्या दिवशी थंड पाण्याची दुसरी अंघोळ करायची म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल.

रेल्वेत जन्म गेल्यामुळे त्यांनी चित्रांनाही ड्यूटी लावून दिली होती. कुत्रे एका खोलीत, पाखरं दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार कायम बंद. कारण काय, तर पाखरांना स्वस्थ बसता आलं पाहिजे. प्रत्येक कुत्र्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असे. सुट्टीच्या दिवशी त्याचं तोंड भिंतीकडे. त्यातला एक पांढरा, ठिपक्यांचा कुत्रा पुढचा एक पाय उचलून उभा होता. त्याचं नाव त्यांनी गार्डसाहेब ठेवलं होतं. त्याच्यासाठी बुधवारची सुट्टी पुरत नाही असं वाटून ते त्या दिवशी त्याला भिंतीवरून उतरवून खाटेवर आडवा ठेवत. "दोन पिढ्या झाल्या, वहिनी, पाय वर धरून उभा आहे. तुम्ही पाच मिनिटं उभ्या राहून दाखवा." मी म्हटलं, "मला पाच मिनिटं मिळाली तर मी बसेन." पण गार्डसाहेब खाटेवर म्हणजे भावजी जमिनीवर, अशी दर बुधवारची व्यवस्था होती, आणि पावसाळ्यातदेखील तिच्यात बदल झाला नाही.

खऱ्या कुत्र्यांशी मात्र त्यांचं जमत नसे. भीती म्हणून नव्हे, नापसंती म्हणून. बाजारातल्या कुत्र्यांना शिस्त नाही, बसायची पद्धत नाही, असं त्यांचं मत. एकदा आमच्या दारातल्या काळ्याला वळण लागावं म्हणून त्यांनी त्याला भाकरी दाखवत आत आणलं आणि तांबूस कुत्र्यासमोर बसवलं. "बघ, कसा बसलाय. बघ जरा." काळ्याने पाहिलं, वास घेतला, आणि सोनेरी चौकटीवर पाय वर केला. भावजी त्याच्यावर ओरडले नाहीत. भाकरी देऊन त्याला बाहेर काढलं, चौकट पुसली आणि चित्रातल्या कुत्र्याला म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. त्याचं शिक्षण झालेलं नाही."

या सगळ्या संग्रहाला एकच परीक्षक होता, आणि तो म्हणजे भागू ठाकर. डोंगरावरच्या ठाकरवाडीतून भागू आमच्याकडे सरपणाची मोळी टाकायला यायचा. पाखरं धरण्यात त्याची हयात गेलेली. मोळी उतरली की भावजी त्याला आत नेत, चित्रासमोर उभा करत, आणि भागू कमरेवर हात ठेवून निकाल देत असे. गार्डसाहेबांकडे बघून तो म्हणाला होता, "कुत्रं ब्येस हाय, पन लय खाऊन माजलंय. ह्यो कशाला पळतोय सशाच्या मागं? ससाच ह्याच्या मागं लागंल." विलायती कोंबड्याबद्दल त्याचं मत असं, की एवढी शेपटी घेऊन करवंदीच्या जाळीत शिरला तर संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. भावजी हे सगळं चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने उतरवून ठेवत. पुढे पुण्याचा एक जाणता गृहस्थ चित्रं पाहायला आला, त्याने एक चित्र उलटं करून बघितलं, तर चित्रकाराच्या सहीऐवजी तिथे लिहिलेलं: 'भागूच्या मते तंगडी चुकली.'

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुंगार्लीला एक पारशी बाई एकटीच राहत असे. तिच्या बंगल्याच्या खिडक्या रंगवायला भावजी रजेच्या दिवशी जात. तिथे व्हरांड्यात, कोटाच्या खुंट्यांखाली, एक लहानसं चित्र होतं. एक म्हातारी शिकारी कुत्री उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडलेली, दाराबाहेर बघत. बस्स. पाखरू नाही, बंदूक नाही. भावजींनी तिचं नाव सोनी ठेवलं होतं, आणि खिडक्या रंगवायला दोन दिवस लागत तिथे त्यांना पाच लागायचे ते सोनीमुळे. विकत मागायची त्यांची छाती झाली नाही. "कोणाच्या घरची कुत्री मागायची कशी, वहिनी?" असं ते म्हणत. दहा वर्षं त्यांनी त्या कुत्रीवर असा लांबून जीव लावला. आणि मग, लढाईच्या काळातल्या एका श्रावणात, पारशी बाई बंगला विकून मुंबईला भाच्याकडे निघाली. सामान सगळं लिलावात जाणार होतं. जेवणघरातलं एक थोरलं चित्र तेवढं भाच्याला हवं होतं, पण ते धुराने इतकं काळं झालं होतं की त्यात काय आहे हे बाईशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तिने भावजींना बोलावलं. "पेंटर, आठ दिवसात साफ कर. पण ऐक, फक्त मळ काढायचा. चित्र नाय काढायचा! काम बरोबर झाला तर ती व्हरांड्यातली कुत्री तुझी. नाय झाला तर लिलावात." भावजी घरी आले ते टांग्याच्या मागे चालत. टांग्यात चित्र होतं, आणि यांना त्याला पाठ लावून बसायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी काळोखातून एक कुत्रा बाहेर आला. नाक ओलं, असं मला दारातूनच सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी बंदुकीची नळी निघाली, तिसऱ्या दिवशी टेबलाची कड. चौथ्या दिवशी भावजी जेवायला आले आणि भाताला हात न लावता उठले. मी मागे जाऊन पाहिलं. भिंतीच्या वरच्या भागात एक खिळा, खिळ्याला दोरी, आणि दोरीला एका पायाने उलटा टांगलेला तित्तर. पंख सैल सुटलेले. इतका हुबेहूब काढलेला की मलाही क्षणभर पदर नाकाला लावावासा वाटला.

त्यातून भागू आला. भावजींनी त्याला विचारलं ते धीर मिळावा म्हणून. "भागू, मेलाय ना रे हा? बघ बरं. त्याला काही कळत नाही ना आता?" भागू चित्राच्या अगदी जवळ गेला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यो मेला न्हाई, भाऊ. मेल्या पाखराचा डोळा आत जातो. ह्याचा बाहीर हाय. जिता हाय ह्यो."

"जिवंत? मग हलत का नाही?" भावजींनी असं विचारलं, जणू काही चित्रातली बाकीची पाखरं हलतात.

"पाय बांधून उलटा धरला की तित्तर गप ऱ्हातो. आमी बाजाराला असाच आनतो की. मुडदा कोन घेतोय? उगा पडून ऱ्हातो, पन समदं बगतोय त्यो."

ठाकरवाडीचा बाजार त्याच्या डोळ्यांसमोर होता, साहेबाची मेजवानी नव्हती. त्याने आपल्या अनुभवाचं सांगितलं आणि मोळी टाकून तो गेला. भावजींनी मात्र दाराला आतून कडी घातली.

दोन दिवस ते फक्त चहापुरते बाहेर आले. मी समजले, मळ निघत नसेल. शुक्रवारी सकाळी तुंगार्लीहून माळी निरोप घेऊन आला. बाईंना सोमवारी जायचं होतं ते आता उद्याच जायचं ठरलंय, सकाळच्या गाडीआधी त्या चित्र घ्यायला येतील. मी निरोप सांगायला मागे गेले, कडी वाजवली, आणि भावजींनी दार उघडलं ते चक्क हसऱ्या चेहऱ्याने. "या, वहिनी. सोडवला."

दोरी नव्हती. भिंतीच्या तपकिरी रंगाने त्यांनी ती सफाईने पुसून टाकली होती. आता दोरी नाही म्हटल्यावर तित्तर हवेतच उलटा राहिला. तो पडला तर लागेल म्हणून त्यांनी खाली टेबलावर पेंढ्याचा ढीग काढला होता. पेंढ्यात उतरल्यावर भूक लागेल म्हणून वाटीभर ज्वारी. आणि ज्वारी टिपताना कुत्र्याने बघू नये म्हणून कुत्रा आणि पाखरू यांच्या मधोमध, विलायती जेवणघराच्या टेबलावर, तुरीचं एक झुडूप. तूर फुलावर आली होती. काम सुरेख झालं होतं, खोटं कशाला बोलू?

"भावजी," मी म्हटलं, "बाई उद्या सकाळी येताहेत."

त्यांचा चेहरा उतरला. "उद्या? पण सोमवार..."

"उद्या. आणि त्यांनी मळ काढायला सांगितला होता. तूर पेरायला नाही. सोनी हवी आहे की नको?"

ते खाटेवर बसले. म्हणाले, "हवी आहे हो. दहा वर्षं हवी आहे." आणि मग, "पण आता पुन्हा त्याला बांधायचा? एकदा सोडल्यावर? मी नाही बांधणार, वहिनी. सोनी जाऊ दे लिलावात."

इथे मला कबूल केलं पाहिजे की मला त्यांचा राग आला. पाखराच्या दोरीसाठी हा माणूस दहा वर्षांचा जीव लिलावात घालायला निघाला होता. रागाने मी बोट पुढे केलं आणि तुरीच्या झुडपावर ठेवलं. बोट हिरवं झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. श्रावणातलं लोणावळं. ज्या हवेत माझी लुगडी शेगडीवर टोपली उपडी घातल्याशिवाय वाळत नाहीत, त्या हवेत ह्यांचा जवसाच्या तेलातला रंग कुठला वाळतोय? खालचा जुना रंग दगडासारखा, वरचा लोण्यासारखा. "टर्पेंटाइन कुठे आहे?" मी विचारलं. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं, पण उठले नाहीत. "बांधायचं काही नाही," मी म्हटलं. "नुसतं पुसायचं आहे. ते मी करते. तुम्ही बाहेर बसा."

ते पडवीत जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले. तेवढ्यात भागू मोळी घेऊन आला, त्याला काय झालंय ते कळेना, म्हणून तोही त्यांच्याशेजारी बसला. मी जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला आणि मुलांची तोंडं पुसतात तशी खालून वर सुरुवात केली.

"कुठवर आलं?" पडवीतून आवाज आला.

"तूर गेली."

"फुलासकट?"

"फुलासकट."

"चांगली आलती का तूर?" भागूने विचारलं.

"गप रे," भावजी म्हणाले. थोड्या वेळाने, "ज्वारी?"

"गेली."

"उपाशीच राहिला म्हणायचा."

पेंढा गेला. मग पायापासून वर दोरी निघू लागली, इंच इंच करत, जुन्या चित्रकाराने काढलेली, पिळाच्या प्रत्येक सुतासकट. पाऊस जरा थांबला होता. मी वर वर जात होते, आणि खिळ्यापासून बोटभर अंतरावर माझा हात थांबला. का थांबला असं कोणी विचारलं तर मी सांगते की फडक्यावरचं टर्पेंटाइन संपलं. बाटलीत अजून होतं, ही गोष्ट वेगळी.

"झालं," मी म्हटलं.

"बांधला?" भावजींनी पाठ न वळवता विचारलं.

"पुसलं," मी म्हटलं, आणि हात धुवायला गेले.

सकाळी बाई टांग्यातून उतरली. चित्र पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलं होतं. भावजी दाराशी मान खाली घालून उभे, जसे शेडमध्ये मोठ्या साहेबाची तपासणी असताना उभे राहत असतील. बाईने आधी कुत्रा पाहिला, बंदूक पाहिली, मग ती वाकली आणि दोरीवरून तिची नजर हळूहळू वर गेली. खिळ्याजवळ येऊन थांबली. तिथेच राहिली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं नाही. सवय नाही मला.

"चष्मा विसरली मी बंगल्यावर," बाई म्हणाली. "पण काम बरोबर झाला हाय, असा दिसते."

चष्मा तिच्या गळ्यातल्या साखळीला अडकवलेला होता आणि छातीवर लोंबत होता.

टांग्यातून तिने जुन्या टॉवेलात गुंडाळलेली सोनी काढून भावजींच्या हातात दिली. भावजींनी ती अलगद आत नेऊन ठेवली. त्यांनी ते थोरलं चित्र चादरीत बांधलं, त्याला जरुरीपेक्षा फार वेळ लावला, आणि मी पाहत होते की वरची चादर त्यांनी दोनदा उघडून पुन्हा घातली. टांगा निघताना बाई मला म्हणाली, "पन्नास वरस त्या पाखराला पाठ करून जेवली मी, बाई. बाप ओरडायचा. पेंटरला सांग, कुत्रीला दाराच्या समोर लाव. तिला बाहेर बघायला पायजे."

ते सगळं झाल्यावर भावजी माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही काढलं नाही. चार दिवसांनी मी मिरचीची डबी घ्यायला फडताळ उघडलं, तर सगळे डबे नव्याने रंगवलेले. मजकूर जुनाच. फक्त मिरचीच्या डबीवर, झाकणाच्या खाली, अंगठ्याएवढा एक तित्तर होता. उडत होता. मी म्हटलं, "भावजी, मिरचीवर पाखरू कशाला?" म्हणाले, "रिकामी जागा होती."

साहेबलोक गेले त्याच्या आदल्याच वर्षी भावजी गेले. फार आजारी पडले नाहीत. त्यातही त्यांनी कोणाला त्रास दिला नाही. पुढच्या वर्षी खंडाळ्यापासून तुंगार्लीपर्यंत बंगल्यांमागून बंगले रिकामे झाले, लिलावात कुत्र्यापाखरांच्या चित्रांचे ढीग लागले, आणि ढिगाशेजारी वाकून नाकं तपासणारं कोणी नव्हतं. मी एका लिलावाला गेले होते, पातेली घ्यायला. पातेली घेऊन परत आले. त्यांचा संग्रह बहुतेक सगळा पुण्याच्या त्या गृहस्थांना दिला, कारण खोल्यांची मुलाला गरज होती. न्यायच्या दिवशी भागू आला होता. रिकाम्या भिंतींकडे बघत म्हणाला, "मावशी, आता ह्यांची ड्यूटी कोन लावनार?" मी म्हटलं, "मला वेळ नाही, भागू." गृहस्थांना मात्र मी सांगितलं, की तो पाय उचललेला आहे ना, त्याला बुधवारी जरा आडवा ठेवा. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. ठेवत नसतील.

सोनी दिली नाही. ती माजघरात, पुढच्या दाराच्या समोर आहे. तिथून उंबरा आणि रस्ता दोन्ही दिसतात. परवा नवी सून झाडलोट करता करता तिच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "सासूबाई, हिचं नाक ओलं दिसतं हो अगदी!" मी म्हटलं, "व्हार्निश आहे ते. तू आपलं काम कर." वीस वर्षं जे म्हणत आले तेच म्हटलं. माझ्या मतात काही बदल झालेला नाही. फक्त रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवर आणि काचेवर फडकं मारते तसं तिच्यावरही मारते, पण नाकावरून मारत नाही. उगाच पुसलं जायचं.